प्लग बदलायची टॉर्क रेंच पेटी: रेंच घ्या, गोटी बाजूला ठेवा

स्पार्क प्लग घरी बदलणाऱ्यांसाठी एकाच धाटणीची पेटी ऑनलाइन वेगवेगळ्या नावांनी विकली जाते. आत ५ ते ६० न्यूटन-मीटरचा ३/८ इंची क्लिक टॉर्क रेंच (लावलेल्या मापाइतका जोर पडला की ‘क्लिक’ करणारा), १६ मिमीची प्लग-गोटी म्हणजे प्लगवर बसणारं सॉकेट, लांब एक्स्टेन्शन आणि अर्धा इंची ॲडॉप्टर. रेंच घेण्याजोगा आहे. गोटीबद्दल तसं म्हणवत नाही.

आधी रेंच. वायसरवाला १४ मिमी आट्यांचा प्लग इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटरला आवळतात. १२ मिमीच्या प्लगला १५ ते २०, १० मिमीच्याला १० ते १२ पुरतात. बाजारात सर्रास मिळणारा अर्धा इंची रेंच २८ ते २१०चा असतो. तो चाकाच्या नटांसाठी. आयएसओ ६७८९ या टॉर्क रेंचच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे क्लिक रेंच कमाल मापाच्या २०, ६० आणि १०० टक्क्यांवर तपासतात, म्हणजे २१०च्या रेंचचा भरवसा ४२च्या पुढेच. ६०च्या रेंचचा भरवसा १२पासून सुरू होतो, त्यामुळे १४ मिमीचा प्लग बरोबर मधल्या पट्ट्यात येतो. दांड्यावर छापलेला ५चा आकडा शोभेचा समजा. इतक्या खाली क्लिक हाताला लागतच नाही, आणि कॉइलचा (प्लगला वीज देणाऱ्या भागाचा) छोटा बोल्ट इंजिनवरच्या प्लास्टिकच्या कॅम कव्हरमध्ये असेल तर तेवढ्यात आटे जातात.

दांड्यावर फूट-पाउंडचीही पट्टी असते. घाईत त्या पट्टीवर २५ लावले तर प्रत्यक्षात जवळपास ३४ न्यूटन-मीटर पडतात. शिवाय क्लिक एकदाच ऐकायचा. ‘खात्रीसाठी’ दुसऱ्यांदा ओढणं म्हणजे जास्त आवळणं.

आता गोटी. प्लगचं पांढरं सिरॅमिक तिरका जोर अजिबात सोसत नाही. या गोटीतली रबरी रिंग सैल आणि एक्स्टेन्शनचं टोक डुलणारं, त्यामुळे शेवटच्या ओढीला गोटी कलते आणि सिरॅमिकवर टेकते. तडा केसाएवढा असतो, बसवताना दिसत नाही. गाडी जागेवर उभी असताना इंजिन शांत चालतं. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की मिसिंग सुरू, कारण लोडखाली सिलिंडरमधला दाब वाढतो, स्पार्कला जास्त व्होल्टेज लागतं आणि करंट तड्यातून बॉडीकडे पळतो. मग बिचारी कॉइल बदलली जाते. जोर देताना दुसरा हात रेंचच्या डोक्यावर, गोटीच्या बरोबर वर ठेवला तर कलणं बरंच थांबतं.

दुसरा त्रास रबराचाच. प्लग आवळून एक्स्टेन्शन वर ओढलं की गोटी प्लगला चिकटून खाली विहिरीत, म्हणजे प्लगच्या खोल भोकातच राहते. गोटी आणि एक्स्टेन्शनच्या जोडावर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे दिले की काम भागतं. चुंबकवाली, पातळ भिंतीची गोटी त्याहून बरी. फक्त प्लग हळू उतरवायचा, सोडून द्यायचा नाही. इरिडियमचं टोक ०.४ ते ०.६ मिमी जाडीचं असतं, आपटलं की गॅप गेलाच.

आट्यांचं रक्षण मात्र कुठलाही रेंच करत नाही. आडवे आटे धरलेला प्लगही २७ला छान क्लिक देतो! इंजिन पूर्ण थंड हवं, कारण गरम हेडमधून प्लग काढताना ॲल्युमिनियमचे आटे त्याच्याबरोबर येऊ शकतात. कॉइल काढल्यावर विहिरीत हवा मारून माती उडवा. जुना प्लग साध्या रॅचेटने सोडवा, टॉर्क रेंचने नाही. नवा प्लग गोटी आणि एक्स्टेन्शन नुसत्या बोटांनी फिरवून बसवा. पहिल्या दोन फेऱ्यांत अडला तर मागे घ्या. बोटांनी पूर्ण बसल्यानंतर १४ मिमीच्या नव्या प्लगला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा लागतो, कारण वायसर दबायचा असतो. जुन्या, दबलेल्या वायसरला एक बारांश फेरा पुरतो. नव्या प्लगला त्याआधीच क्लिक आला तर थांबा आणि प्लग बाहेर काढून आटे बघा. हेडचे आटे गेले तर इन्सर्ट, म्हणजे नव्या आट्यांची नळी, बसवावा लागतो, ते अंगणातलं काम नव्हे.

आट्यांना ग्रीस किंवा ॲन्टी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावू नका. प्लग बनवणारी एनजीके कंपनीही आपल्या प्लेटिंग केलेल्या प्लगांना ते लावू नका असंच सांगते, कारण घर्षण कमी झालं की त्याच क्लिकला प्लग जास्त आवळला जातो.

रेंच ठेवताना मूठ सर्वांत खालच्या मापावर आणा, नाहीतर आतली स्प्रिंग बसते. कॅलिब्रेशन वर्षातून एकदा किंवा ५,००० क्लिकनंतर. खरेदीच्या वेळी पेटीत त्याच सिरियल नंबरचं सर्टिफिकेट आहे का ते पाहा, नुसतं ±४ टक्के छापलेलं कार्ड चालणार नाही. रेंच सुटा मिळत असेल तर सुटाच घ्या, आणि वाचलेल्या पैशांत चुंबकवाली गोटी.