नोंदण्या पाच हजार, हॉल रिकामा

लहान अन्नप्रक्रिया उद्योजकांसाठी आम्ही मुंबईत दरवर्षी यंत्रसामग्रीचे प्रदर्शन भरवतो. तिसऱ्या वर्षी गोरेगावला मोठा हॉल घेतला तेव्हा भाडे, स्टॉलची उभारणी आणि वीज यांचा खर्च इतका वाढला की, अभ्यागत दुप्पट झाल्याशिवाय स्टॉलचे दर कोणालाही परवडणार नव्हते. त्या काळजीपोटी आम्ही एका प्रचार संस्थेला अभ्यागतांच्या नोंदण्या मिळवण्याचे काम दिले. दर नोंदणीमागे 60 रुपये, 5,000 नोंदण्यांची हमी आणि निम्मी रक्कम आगाऊ, असे ठरले.

नाव, कंपनी, हुद्दा आणि मोबाइल क्रमांक असलेला तक्ता रोज सायंकाळी येत असे. तो वाढता आकडा आम्ही स्टॉलधारकांना कळवत राहिलो, आणि आमच्या शब्दावर विसंबून त्यांच्यापैकी काहींनी 9 चौरस मीटरऐवजी 18 चौरस मीटरची जागा घेतली. हे मला आजही टोचते.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत प्रवेशद्वारावर जेमतेम दोनशे बॅज स्कॅन झाले. दुसऱ्या दिवशी अचानक झुंबड उडाली, पण वसईहून आलेल्या एका स्टॉलधारकांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "साहेब, ही पोरं नुसत्या पिशव्या गोळा करताहेत, यंत्राची क्षमता एकानेही विचारली नाही." बॅजवर ‘खरेदी व्यवस्थापक’ असे छापलेली ती मुले रोजंदारीवर आणलेली होती. तक्त्यातील शंभर क्रमांकांवर आम्ही फोन केले, तेव्हा बहुतेक लागलेच नाहीत.

संस्थेच्या बिलावरचा जीएसटी क्रमांक 27 या महाराष्ट्राच्या संकेतांकाने सुरू होणारा, पंधरा अक्षरी आणि दिसायला बिनचूक होता. जीएसटीच्या संकेतस्थळावर मात्र ती नोंदणी केव्हाच रद्द झालेली होती. म्हणजे बिलातला 18 टक्के कर आमच्या देय करातून वजा करून घेण्याची संधीही बुडाली. वकिलांची नोटीस पाठवली, परंतु कार्यादेशात ‘नोंदणी’ हा एकच शब्द होता आणि नोंदण्या तर त्यांनी दिल्याच होत्या.

प्रदर्शन वाढते ते शेवटच्या दिवशी पुढच्या वर्षाचे स्टॉल किती जण राखून ठेवतात त्यावर. त्या वर्षी फक्त चौघांनी ठेवले. आता आम्ही प्रवेशद्वारावर स्कॅन झालेल्या बॅजमागेच पैसे देतो, दर दहा नोंदण्यांपैकी एकीची फोनवर स्वतः खात्री करतो आणि पहिला हप्ता देण्यापूर्वी जीएसटी क्रमांक तपासतो. त्या वर्षीचा खरा आकडा सर्व स्टॉलधारकांना लेखी कळवला. वसईचे ते गृहस्थ मात्र पुन्हा आले नाहीत.