पोटरी सैल झाली नाही, फक्त गुडघा वाकवला

नागपुरातल्या एका खासगी केंद्राने सहा वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांकडून तीस बैठकांचे पैसे आगाऊ घेतले. मुलगा पंजांवर चालायचा, टाच टेकायची नाही. वडिलांच्याही पोटऱ्या लहानपणापासून आखूड. बैठकांत तेलमालिश आणि शेक, एवढंच. शेवटी कागद हातात दिला: पहिल्या दिवशी पाऊल नडगीशी ९० अंशांपर्यंतही येत नव्हतं, आता त्याच्या १५ अंश वर येतं. मुलगा मात्र पंजांवरच चालत घरी गेला.

खोट मोजण्यात होती. आधी गुडघा सरळ ठेवून मोजलं, नंतर वाकवून. पोटरीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडापासून निघतो. गुडघा वाकवला की तो ढिला पडतो आणि पाऊल जास्त वर येतं, उपचार काहीही झालेले नसले तरी. दुसरी चलाखी टाचेची: ती बाहेर कलू दिली की पाऊल मधूनच वाकतं आणि घोटाच वळल्यासारखा दिसतो. मोजताना जवळ उभे राहा. मूल उताणं, गुडघा सरळ, टाच मुठीत धरून किंचित आत वळवलेली, मगच पाऊल वर. कागदावर ‘गुडघा सरळ’ हे शब्द लिहून घ्या.

मालिशने पोटरीची शीर, म्हणजे स्नायू टाचेला जोडणारा दोर, लांब होत नाही. मोजतानाच्या याच स्थितीत ३० सेकंदांचा ताण, रोज अनेकदा, घरीच द्यायचा असतो. तो शिकायला तीस बैठका लागत नाहीत. तेवढ्याने भागलं नाही तर दर एक-दोन आठवड्यांनी बदलत जाणारं प्लास्टर, नंतर रात्री पाऊल वर धरून ठेवणारा स्प्लिंट. शस्त्रक्रिया त्यानंतर, आणि बेतानेच: शीर गरजेपेक्षा लांब झाली तर पोटरी कमजोर होते.

सगळ्यात चीड येते ती याची, की ‘घराण्यातच आहे’ म्हणत मुलाला कोणी नीट तपासलंच नाही. एकाच पायाची टाच उचलली जात असेल, आधी नीट चालणारं मूल नंतर पंजांवर गेलं असेल, किंवा मुलगा मांडीवर हात टेकून उठत असेल आणि पोटऱ्या फुगीर असतील, तर कारण वेगळं असू शकतं. शेवटच्या लक्षणात रक्ताची सीपीके तपासणी (स्नायूंची झीज दाखवणारी) आधी, ताण नंतर.

नागपुरात मेडिकल, मेयो आणि एम्स या तिन्ही सरकारी रुग्णालयांत अस्थिरोगाची ओपीडी आहे. पैसे गेलेच असतील तर पावती आणि दोन्ही मोजमापांचे कागद जपा. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत २ वर्षं आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.