पॅडचं पाकीट: गुलाबी, कोरं की माहितीचं?

नागपूर जिल्ह्यातल्या बचत गटांना आणि लहान उत्पादकांना पाकिटांची छपाई करून देणं हा माझा धंदा. त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे वाद म्हणून येत नाही, ऑर्डर म्हणून येतो. सॅनिटरी पॅडच्या नव्या पाऊचवर काय छापायचं? गुलाबी रंग, फुलं, केस उडवणारी हसरी मुलगी हे नेहमीचंच ठेवायचं, की कुणा एका लिंगाचा शिक्का नसलेलं पाकीट करायचं? गटातली एखादी कॉलेजात जाणारी पोरगी दुसरा पर्याय सुचवते, अध्यक्ष ताई म्हणतात, "काऊन वं, बायकायचीच वस्तू हाय ना थे?" आणि मीटिंग तिथंच अडते. ज्यांना पुढच्या लॉटच्या आत निर्णय घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी हा आढावा.

भांडण कशावरून पेटलं

ऑक्टोबर 2019 मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने आपल्या 'ऑलवेज' पॅडच्या वेष्टनावरून शुक्र ग्रहाची खूण काढायचं ठरवलं. वर्तुळाखाली अधिकचं चिन्ह, म्हणजे स्त्रीची म्हणून ओळखली जाणारी खूण. आपल्याकडे याच कंपनीचे पॅड 'व्हिस्पर' नावाने मिळतात. पाळी येते पण आपण स्त्री नाही असं सांगणाऱ्या ट्रान्स पुरुषांनी आणि नॉन-बायनरी (स्वतःला बाई किंवा पुरुष कशातच न मोजणाऱ्या) ग्राहकांनी ही खूण खटकते असं कळवलं होतं, कंपनीने ते ऐकलं. लगेच दुसरीकडून बहिष्काराची हाक आली: बायकांच्या वस्तूवरून बाईच पुसता का? गंमत अशी की पाकिटाचे रंग तेच राहिले, नाव तेच राहिलं, आतला पॅडही तोच. एवढीशी खूण गेली आणि भांडण मात्र खंडभर झालं.

पुढच्या वर्षी 'पाळी येणाऱ्या व्यक्ती' या शब्दप्रयोगावरून इंग्रजी जगात आणखी मोठा गदारोळ झाला. दरम्यान स्कॉटलंडने पाळीची साधनं सगळ्यांना मोफत देणारा कायदा 2021 मध्ये केला आणि त्यात ज्या व्यक्तींना गरज आहे त्या सर्वांना असं सरळ लिहिलं. ऑगस्ट 2022 पासून तो लागू आहे.

आपल्याकडे हा वाद जसाच्या तसा उचलून आणण्यात अर्थ नाही. पण त्यातले दोन्ही मुद्दे विदर्भात खरे आहेत, आणि ते हसण्यावारी नेऊ नयेत असं मला वाटतं.

'बाई पुसू नका' या म्हणण्यात जोर आहे, कारण पाळीचा त्रास इथे बाई म्हणूनच भोगावा लागतो. गडचिरोलीकडे अजून कुर्माघरं आहेत, जिथे पाळीचे दिवस बायकांना गावाबाहेरच्या झोपडीत काढावे लागतात. नागपूरच्या फ्लॅटमध्येही 'बाजूला बसणं' पूर्ण संपलेलं नाही. अशा ठिकाणी पाकिटावर ताठ मानेने उभी असलेली मुलगी दिसणं हे काहीतरी सांगतं.

दुसऱ्या बाजूलाही माणसं आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात आपलं लिंग आपण सांगण्याचा हक्क मान्य केला. ट्रान्स पुरुष नागपुरातही आहेत. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन सुरू केल्यावर बहुतेकांची पाळी काही महिन्यांत थांबते, पण सगळेच हार्मोन घेत नाहीत, घेणाऱ्यांनाही सुरुवातीला किंवा मध्येच रक्तस्राव होऊ शकतो. दाढी फुटू लागलेल्या माणसाने गुलाबी पाकीट घेऊन काउंटरवर उभं राहायचं आणि मागच्याने "बायकोसाठी का भाऊ?" म्हणायचं, यात त्याला जे वाटतं त्याला संख्येने कमी असल्यामुळे किंमत नाही असं कसं म्हणता येईल?

मेडिकलच्या काउंटरवर

बर्डीत घ्या, सदरला घ्या, नाहीतर खामल्याच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये घ्या. पॅड मागितला की दुकानदार तो आधी वर्तमानपत्रात गुंडाळतो, मग काळ्या पन्नीत घालतो. क्रोसिनला ही सरबराई मिळत नाही. गुलाबी पाकीट दुरून ओळखू येतं म्हणून झाकलं जातं, आणि झाकलं जातं म्हणून काळी पन्नी दिसली की अख्ख्या गल्लीला कळतं आत काय आहे.

साध्या पाकिटाची बाजू इथे उजवी आहे. पाकीट टिश्यू पेपरच्या किंवा बँडेजच्या पाकिटासारखं दिसलं तर ते उघड्या हातात धरायला कुणाला जड जात नाही. बापाला, भावाला, नवऱ्याला, दहावीतल्या पोराला आईने पाठवलं तर त्यालाही नाही. ट्रान्स पुरुषासाठी केलेली सोय अशी सगळ्यांच्याच कामी येते.

पण इथेच एक मोठा खड्डा आहे आणि त्यात पडलेले नमुने माझ्याकडे येत असतात. 'न्यूट्रल' म्हणजे काही न सांगणारं, असा समज करून घेतला जातो. पांढरं किंवा राखाडी पाऊच, मध्ये एक पान, खाली बारीक अक्षरात 'पर्सनल केअर'. लांबी किती, शोषण किती, पंख (बाजूला दुमडायच्या चिकटपट्ट्या) आहेत की नाहीत, कशातलंच काही दिसत नाही. हे पाकीट म्हणजे कारखान्यातच घातलेली काळी पन्नी. त्याने लाज कमी होत नाही, फक्त ती महागड्या डिझाइनमध्ये येते. गुलाबी पाकीट निदान मी पॅड आहे एवढं तरी बोलतं.

म्हणून मी तुलना दोघांत करत नाही, तिघांत करतो. गुलाबी पाकीट घेणाऱ्याबद्दल बोलतं, कोरं पाकीट कशाबद्दलच बोलत नाही, आणि माहितीचं पाकीट आतल्या वस्तूबद्दल बोलतं. 'सॅनिटरी पॅड' हे मोठ्या अक्षरात, 240 किंवा 280 मिमी हे त्याहून मोठ्या आकड्यात, आणि पॅडचं साधं रेखाचित्र. बाई नाही, फूल नाही, लपवाछपवीही नाही. माझं मत या तिसऱ्याच्या बाजूने आहे, पण सगळीकडे नाही.

झेडपीची शाळा आणि गाव

महाराष्ट्र सरकारची अस्मिता योजना मार्च 2018 मध्ये सुरू झाली. जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट 5 रुपयांत, गावातल्या बायकांना आकारानुसार 24 आणि 29 रुपयांत, आणि विक्री बचत गटांमार्फत. ही योजनाच मुलींसाठी होती, त्यामुळे तिच्या पाकिटावर मुलगी असण्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. तुमचा गट हिंगणा, कळमेश्वर किंवा उमरेडकडच्या शाळांत माल देत असेल तर आजही मुलीचं चित्र ठेवा असंच मी सांगेन. पहिल्यांदा पॅड हातात घेणाऱ्या बारा वर्षांच्या पोरीला हे माझ्यासाठी आहे असं वाटणं महत्त्वाचं आहे. अट एकच: ती मुलगी सायकल चालवत असू दे, फळ्यापाशी उभी असू दे, नुसती लाजून हसत नको.

गावात आणखी एक अडचण असते. बऱ्याच बायका पाकीट वाचून घेत नाहीत, रंगाने घेतात. 'हिरवं द्या', 'जांभळं द्या' एवढंच म्हणतात, कारण नाव तोंडाने घ्यायचं नसतं. तुमचं पाकीट आधी एका रंगाने ओळखलं जात असेल आणि तुम्ही एकाएकी पांढरं केलंत, तर गिऱ्हाईक गेलंच समजा. रंग ठेवा, चित्र बदला. 240 ला एक रंग, 280 ला दुसरा, आणि दोन्ही लांबून वेगळे दिसले पाहिजेत. गुलाबीशी माझं वैर नाही. दोन्ही आकार गुलाबी असले तर रात्रीचा पॅड कोणता हे कसं कळायचं, एवढीच तक्रार आहे.

होस्टेल, कॉलेज, ऑफिस

इथे माहितीचं पाकीट निर्विवाद चांगलं. माल एका माणसासाठी घेतलेला नसतो, कपाटात किंवा मशीनमध्ये ठेवलेला असतो, आणि कोण घेणार हे घेणाऱ्यावर सोडलेलं असतं. मशीनवर 'फक्त महिलांसाठी' लिहिण्याची गरज नाही, 'सॅनिटरी पॅड' पुरेसं आहे. वापराच्या सूचना 'गुंडाळा', 'कचरापेटीत टाका' अशा लिहिल्या की त्यात बाई-पुरुष येतच नाही, आपली भाषा इथे आपसूक मदत करते.

एक तपशील बाहेरच्या पाकिटापेक्षा मोलाचा आहे, तो म्हणजे आतलं वेष्टन. ऑलवेजच्या वादातली खूण वेष्टनावरच होती. पाकीट कपाटात राहतं, पण सुटा पॅड खिशातून टॉयलेटात जातो आणि त्याचं वेष्टन तिथल्या पेटीत पडतं. कुणाला लपवायचं असेल किंवा उघड करायचं नसेल, तर त्याची खरी अडचण त्या चिटोऱ्याशी असते. पैसे कमी असतील तर बाहेरचं पाकीट जुनंच राहू द्या, आतलं वेष्टन आधी साधं करा. 2016 च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांना प्रत्येक पॅडसोबत टाकण्यासाठी पाऊच किंवा वेष्टन द्यायला सांगितलं होतं. तेव्हा हे वेष्टन असंही छापावं लागतंच, फुलं छापायची की टाकायचं कसं हे छापायचं, एवढाच प्रश्न.

आणि ऑफिसवाल्यांना एक आगाऊ सल्ला. पाकिटाच्या रंगावर तीन मीटिंगा घेण्याआधी टॉयलेटात जाऊन या. पुरुषांच्या टॉयलेटात झाकणाची पेटी नसेल, तर जगातलं कुठलंही न्यूट्रल पाकीट तिथे निरुपयोगी आहे. पेटी स्वस्त आहे, आज संध्याकाळी गांधीबागेतून आणता येते.

पंखांचंही तसंच. पंखवाला पॅड बॉक्सरसारख्या सैल चड्डीला नीट चिकटत नाही. सगळ्यांसाठी घेतो असं म्हणणाऱ्या होस्टेलने थोडा बिनपंखी माल ठेवावा. हे डिझाइनचं काम नाही, खरेदीच्या यादीचं आहे, पण ज्याला हवं त्याला पाकिटाच्या रंगापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

खर्च

प्लास्टिक फिल्मवरच्या रोटो छपाईत प्रत्येक रंगाला एक सिलिंडर कोरावा लागतो. फोटोतली मुलगी, तिच्या ओढणीचा रंगबदल, मागची फुलं असं डिझाइन असलं की चार रंगांचे सिलिंडर आलेच, वर ब्रँडचा खास रंग हवा असेल तर पाचवा. माहितीचं पाकीट दोन रंगांत बसतं. सिलिंडरचा खर्च एकदाच असतो हे खरं, पण लहान गटाला तो एकदाचाच झेपत नाही. शिवाय रोटोला लॉट मोठा लागतो आणि डिझाइन बदललं की जुने सिलिंडर भंगारात.

ज्यांचा माल महिन्याला थोडाच जातो त्यांनी रोटोच्या नादी लागू नये. पारदर्शक पाऊच आणि आत छापील कागद, किंवा साध्या पाऊचवर स्टिकर, हे दोन्ही चालतं. कागद बदलणं सोपं असल्याने एकाच पाऊचमध्ये शाळेसाठी मुलीचं चित्र आणि होस्टेलसाठी रेखाचित्र असे दोन माल काढता येतात. या वादात कुणाचीच बाजू न घेता सुटायचा रस्ता हाच. अर्थात पारदर्शक पाऊचातून पॅड दिसतो म्हणून काही दुकानदार कुरकुरतात.

कायद्याने काय लागतं

पाकिटावर बाई असावी किंवा नसावी असं कुठलाच नियम सांगत नाही. वजनमापाचे 2011 चे नियम मात्र बरंच काही सांगतात: उत्पादकाचं नाव-पत्ता, वस्तूचं सर्वसाधारण नाव, नग किती, बनवल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क. हे हिंदीत किंवा इंग्रजीत असावं लागतं, सोबत मराठी देता येते आणि द्यावीच. 'वस्तूचं सर्वसाधारण नाव' याकडे पुन्हा बघा. नुसतं 'पर्सनल केअर' लिहिणारं कोरं पाकीट इथेच अडकतं. पॅडचा दर्जा भारतीय मानक आयएस 5405 मध्ये दिला आहे. शोषणाची चाचणी करून घेतली असेल तर ते समोर छापा, ती जागा फुलाला देऊ नका.

जीएसटीची चिंता नको. पॅडवरचा 12 टक्के कर जुलै 2018 मध्येच शून्य झाला.

तर घ्यायचं काय

शाळांना आणि गावात विकणाऱ्या गटाने मुलीचं चित्र ठेवावं, आकारानुसार रंग वेगळे करावेत, आत वापराची चित्रं द्यावीत. होस्टेल, कॉलेज, कारखाना यांना पुरवणाऱ्याने माहितीचं पाकीट करावं. मेडिकलला माल टाकणाऱ्याची परिस्थिती अवघड आहे: शेजारी मोठ्या कंपन्यांचे चकचकीत पॅक, आणि जनऔषधी केंद्रात 'सुविधा' पॅड ऑगस्ट 2019 पासून 1 रुपयाला एक. किमतीत तुम्ही जिंकणार नाही, चमकेत तर नाहीच. तिथे मोठा आकडा, स्पष्ट नाव आणि एक ठळक रंग असलेलं पाकीट फळीवर वेगळं उठून दिसतं, हा निव्वळ धंद्याचा हिशेब आहे. सुगंधी पॅड काढायचा विचार असेल तर सोडून द्या. वासाने त्वचेला त्रास होऊ शकतो, आणि तो गुलाबी काय नि राखाडी काय, दोन्ही पाकिटांत सारखाच होतो.

सिलिंडर कोरायला टाकण्याआधी साध्या कागदावर दोन्ही डिझाइनचे प्रूफ काढा, रिकाम्या पाकिटांवर चिकटवा आणि ओळखीच्या मेडिकलवाल्याला फळीवर ठेवायला सांगा. तुम्ही रस्त्याच्या पलीकडे उभे राहा. लांबीचा आकडा तिथून वाचता आला पाहिजे. नाही आला तर डिझायनरला परत पाठवा, ॲडव्हान्स देऊ नका.