यकृतका, म्हणजे शेवाळासारख्या इवल्या वनस्पती, शोधायला निघताय? १० पटीचं घडीचं भिंग घ्या

तीन काचा एकत्र चिकटवलेलं, १८ ते २१ मिमी व्यासाचं भिंग पाहणीला उत्तम. २० पटीचं ऐकायला भारी, पण ते भिंग रोपापासून जेमतेम सव्वा सेंटिमीटरवर धरावं लागतं; डोक्याचीच सावली पडते आणि हात जरा हलला की चित्र गेलं. १० पटीत अडीच सेंटिमीटर मिळतात.

युरोपातल्या किनारी वाळूटेकड्यांच्या ओलसर खोलगटींत वाढणारी दुर्मिळ यकृतका पेटॅलोफायलम राल्फ्साय यात झकास ओळखू येते. इवल्याशा लेट्यूससारखं सेंटिमीटरभर रोप आणि त्यावर उभ्या, पातळ झालरी. भिंग डोळ्याला टेकवून पालथं पडायचं, रोप उपटून वर आणायचं नाही. जागेवरच ओळख पटली की नमुना घ्यायची गरजच उरत नाही. पैसे इथेच वसूल!

पेशींतले तैलपिंड, म्हणजे तेलाचे सूक्ष्म कण, मात्र यात दिसणार नाहीत. त्याला ४०० पटीचा सूक्ष्मदर्शक आणि ताजा तुकडा हवा, कारण वाळल्यावर ते बहुधा नाहीसे होतात.

काचेवर वाळू असताना पुसलंत तर ओरखडे पडलेच म्हणून समजा. आधी फुंकणीने उडवा. आणि दोरी भडक रंगाची बांधा, शेवाळात पडलेलं काळं भिंग सापडत नाही.