जुन्या फियाटचं गंजलेलं इंजिन: दुरुस्त करून घ्यावं की पार्ट बदलावे?

मागच्या मे महिन्यात आमची 1971 ची फियाट नागपूरच्या वर्धा रोडवर तापली. ओढत घरी आणली, हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं आणि कारण समोर आलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधलं पाण्याचं गोल भोक उंदरानं भाकरीची कड कुरतडावी तसं खाल्लं गेलं होतं. कडेला पांढरी भुकटी जमली होती, आणि हेडखालच्या गॅसकेटवर, म्हणजे गळती रोखणाऱ्या पातळ पत्र्यावर, नेमका तिथेच तपकिरी ओघळ. घरात लगेच दोन पक्ष पडले. भावाचं म्हणणं, दुसरं हेड आणा आणि मोकळे व्हा. मिस्त्री मात्र म्हणाले, "भाऊ, हेड भेटते, पण असं भरीव आता नाही भेटत. आधी टेस्टिंगला टाका, मग ठरवा." पुढचे तीन महिने मी याच प्रश्नात होतो. असंच इंजिन उघडून बसलेल्यांना त्याचा उपयोग व्हावा म्हणून हे लिहितो आहे.

गंज नेमका कुठे आणि का लागला हे कळल्याशिवाय ठरवू नका. फियाटच्या 1089 सीसी इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला खालचा मुख्य भाग, बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं आहे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मधून पाणी खेळतं, म्हणजे बॅटरीच तयार होते, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. कूलंटमधली रसायनं ही झीज रोखून धरतात, पण ती काही वर्षांत संपतात. आपल्याकडे तर पारा 45 च्या पुढे गेला की रस्त्यात मिळेल ते पाणी रेडिएटरमध्ये ओततात, बरेचदा बोअरचंच. त्या जड पाण्याचा, गिझरच्या कॉइलवर धरतो तसा पांढरा थर आतल्या वाटांमध्ये धरतो. अ‍ॅम्बेसेडरच्या 1489 सीसी इंजिनात हेड आणि ब्लॉक दोन्ही बिडाचे, त्यामुळे तिथे हेड असं खाल्लं जात नाही. तिथला खरा त्रास ब्लॉकच्या मागच्या बाजूला साचणाऱ्या गंजाच्या गाळाचा. अ‍ॅम्बेसेडरवाल्यांनी हेडचा भाग वरवर वाचला तरी चालेल.

हेड: सगळ्यात अवघड निर्णय

दुरुस्ती म्हणजे खाल्लेली जागा आर्गॉन वेल्डिंगनं भरायची आणि मग फेसिंग करून हेडचं तोंड सपाट करायचं. ऐकायला सोपं आहे. पण पन्नास वर्षं तेल प्यायलेलं ॲल्युमिनियम नीट साफ न करता, आधी तापवून न घेता भरलं, तर आत बारीक जाळी राहते आणि सहा महिन्यांत तिथूनच पाणी झिरपतं. सफाईलाच एक मोठा धोका आहे. बिडाचे ब्लॉक कॉस्टिक सोड्याच्या टाकीत उकळतात, त्याच टाकीत कुणी घाईत ॲल्युमिनियमचं हेड सोडलं तर कॉस्टिक ते खाऊनच टाकतो. हेड देताना हे तोंडानं सांगा आणि शक्य असेल तर तिथे थांबा.

भरण्याआधी प्रेशर टेस्ट हवीच. पाण्याच्या सगळ्या वाटा बंद करून आत हवा भरतात आणि हेड गरम पाण्यात बुडवतात. दोन व्हॉल्व्हच्या सीटांमधून बुडबुडे आले तर चीर आहे, आणि माझ्या मते तिथे दुरुस्तीचा विषय संपला. बुडबुडे आले नाहीत, फक्त पाण्याच्या भोकांच्या कडा गेल्या आहेत, तर हेड वाचतं. मग सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज, म्हणजे ठरलेल्या जाडीची पातळ पाती, घालून बघा. 0.05 मिलिमीटरची पाती कुठेच जात नसेल तर तोंड सरळ आहे. जास्त वाकलं असेल तर फेसिंगही जास्त मारावं लागेल, आणि दर फेसिंगला वरची जागा लहान होऊन कॉम्प्रेशन वाढतं. आधीच्या मालकानं दोनदा फेसिंग केलेलं हेड लावलं की नागपूरच्या दुपारी चढावर इंजिन आतून टकटक ठोकायला लागतं.

दुसरं हेड आणायचं तर माल आहे. फियाटच्या नंतर आलेल्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन याच घराण्यातलं. ती 2000 च्या आसपासपर्यंत बनत होती, त्यामुळे मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, कोलकात्याच्या मल्लिक बाजारात किंवा दिल्लीच्या कश्मीरी गेटला विचारलं की काहीतरी सापडतं. मात्र मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्या आणि या पार्टचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईकही गेलं. मी बाहेरगावाहून मागवलेलं हेड चांदीच्या रंगात चकाचक आलं. पेट्रोलनं रंग पुसला, तर तिसऱ्या सिलिंडरच्या वर केसाएवढी चीर. विकणाऱ्यानं परत घ्यायला नकार दिला. म्हणून वापरलेलं हेड घेतलं तरी टेस्ट आणि फेसिंगचा खर्च धराच. तो धरल्यावर दोन्ही वाटांचा हिशेब बराच जवळ येतो.

माझं हेड टेस्टमध्ये पास झालं. हिंगणा एमआयडीसीत फक्त ॲल्युमिनियमचंच वेल्डिंग करणारा एक कारागीर सापडला आणि मी जुनंच भरून घेतलं. गेट-ग्रिल जोडणाऱ्याकडून स्वस्तात हे काम करून घेणं म्हणजे चांगलं हेड वाया घालवणं आहे.

ब्लॉक शक्यतो बदलू नका

इथे माझं मत पक्कं आहे. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉक बदलला की आरसीवर तो बदल नोंदवून घ्यावा लागतो. शिवाय 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिला व्हीए अक्षरांची नंबरप्लेट मिळते, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आणि मुदत 10 वर्षं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. अर्थात व्हिंटेज नोंदणी झाली की ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. तेव्हा आपल्याला गाडी कशासाठी हवी, हे आधी घरात बोलून घ्या.

गाडी बरीच वर्षं उभी असेल तर सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे ठिपके दिसतात. त्यावरून नख फिरवा. नख अडकलं नाही तर होनिंगवर, म्हणजे भिंत दगडानं हलकी घासून घेण्यावर, भागतं. अडकलं तर बोअर करून, म्हणजे सिलिंडर थोडा मोठा कापून, पुढच्या साइजचे पिस्टन टाका, किंवा आत स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, बसवून सिलिंडरचा व्यास पुन्हा मूळच्या 68 मिलिमीटरवर आणा. स्लीव्हचा खर्च जास्त, पण नंबरचा ब्लॉक टिकतो आणि पिस्टन स्टँडर्ड साइजचे चालतात. पाण्याच्या बाहेरच्या भिंतीला चीर असेल तर न तापवता धातूचे टाके घालून ती बंद करता येते. बीड वेल्ड करायचं म्हणजे तापवणं आणि सावकाश थंड करणं दोन्ही जमायला हवं, आणि तसा हात आता कमी लोकांना आहे.

बाकीचे पार्ट

वॉटर पंपाची बॉडी खड्डे न पडता शाबूत असेल तर बेअरिंग-सील बदला, नाही तर पूर्ण पंप. होज पाइप आणि थर्मोस्टॅट विचार न करता नवे घ्या. ब्लॉकच्या बाजूचे वाटीसारखे वेल्च प्लग तर सगळेच बदला. माझ्या मागच्या प्लगला मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवून टिचकी मारली, तो आरपार गेला आणि चहासारखं पाणी वाहायला लागलं. पितळेचे मिळाले तर तेच टाका, ते गंजत नाहीत.

कार्बोरेटरबद्दल, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाबद्दल, थोडं सांगतो, कारण हा त्रास वाढतो आहे. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं आणि गाडी महिनोन् महिने उभी राहिली की जस्ताच्या बॉडीत पांढरी भुकटी धरते. तरी जुनी बॉडी फेकू नका. साफ करा, जेट, गॅसकेट, डायाफ्राम नवे टाका, थ्रॉटलच्या शाफ्टला बुश बसवा. बाजारात मिळणाऱ्या नकलांपेक्षा ती बरी चालते. आतल्या वाटाच खाल्ल्या गेल्या असतील तर मात्र नाइलाज आहे.

गाडी जोडल्यावर आम्ही तयार कूलंट भरलं आणि रामटेकला जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण गार असताना मिस्त्रींनी हेडचे नट टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेला जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानं, पुन्हा ताणले. जुन्या पद्धतीच्या गॅसकेटला हे करावंच लागतं. चार नट थोडे फिरले. रेडिएटरचं झाकण उघडून पाहिलं, कूलंट भरलं होतं तसंच हिरवं होतं.