छोट्या कुत्र्याच्या दातांसाठी सी.ई.टी. टूथपेस्ट आणि बारका ब्रश, वापरून झालेलं मत

आमची चिंगी पॉमेरेनियन आहे. पॉम, शित्झू, यॉर्की, चिवावा या सगळ्या छोट्या जातींना दातांचा त्रास जास्त असतो आणि त्याचं कारण अगदी सरळ आहे, लॅब्रेडॉरच्या एवढ्या मोठ्या तोंडात 42 दात असतात आणि यांच्या चिमुकल्या जबड्यातसुद्धा तेवढेच 42, मग ते दाटीवाटीने, तिरके, एकमेकांवर चढून येतात आणि मधल्या फटीत सगळं अडकून बसतं. त्यामुळे दातांचं काहीही विकत घेताना ते छोट्या तोंडासाठी चालेल का हे मी आधी बघते.

मी वापरतेय ती व्हर्बॅकची सी.ई.टी. एन्झाइमॅटिक टूथपेस्ट, पोल्ट्री फ्लेवरची, आणि सोबत अगदी बारक्या डोक्याचा, मऊ केसांचा, लांब दांडीचा ब्रश. पेस्टला पूर्ण मार्क. पण कशासाठी ते नीट सांगते, कारण या पेस्टबद्दल लोकांची अपेक्षाच चुकीची असते असं मला वाटतं.

ही पेस्ट जमलेलं किटण काढत नाही. कुठलीच पेस्ट काढत नाही. दात साफ केल्यावर काही तासांतच त्यावर जंतूंचा मऊ चिकट थर बसायला लागतो, तो थर ब्रशने सहज जातो, पण तसाच राहिला तर दोन-तीन दिवसांत लाळेतलं कॅल्शियम त्यात मुरतं आणि त्याचं दगडासारखं पिवळं-तपकिरी किटण होतं. एकदा ते झालं की घासून उपयोग नाही, ते डॉक्टरांनी भूल देऊन स्केलिंग करूनच, म्हणजे उपकरणाने खरवडूनच निघतं. म्हणून "महिनाभर घासलं, डाग तसेच आहेत, एक स्टार" असे रिव्ह्यू वाचले की वाईट वाटतं, पेस्टचा त्यात काही दोष नसतो, क्रम उलटा झालेला असतो. आधी स्केलिंग, मग स्वच्छ दातांवर रोजचा ब्रश. आम्ही तसंच केलं आणि दात अजून पांढरे आहेत, हिरड्या गुलाबी आहेत, तोंडाला वास नाही.

पेस्टमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज आणि लॅक्टोपेरॉक्सिडेज ही दोन एन्झाइम्स असतात, ती लाळेबरोबर मिळून जंतूंना रोखणारी द्रव्यं तयार करतात. फेस होत नाही, चूळ भरायची गरज नाही, गिळली तरी चालते. एन्झाइमचा फायदा आहेच, पण खरं काम ब्रशचे केस करतात आणि पेस्टची सगळ्यात मोठी कमाई तिची चव आहे असं माझं मत. चिंगी ट्यूब दिसली की स्वतः येऊन बसते. रोज करायच्या कामात कुत्रं स्वतःहून येतंय याच्याइतकी मोठी गोष्ट दुसरी नाही, धरून, दाबून, रडवून रोज कोण घासणार आणि किती दिवस? पोल्ट्रीची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून दुसरा फ्लेवर घ्या.

आणि प्लीज, आपली टूथपेस्ट अजिबात नको, अगदी थोडीशीसुद्धा नको. त्यात झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते, असेल तर कुत्र्याच्या रक्तातली साखर झपकन खाली येते आणि लिव्हरलाही धोका असतो, शिवाय फ्लोराइड आणि फेस सगळा पोटातच जातो कारण त्यांना थुंकता येत नाही.

आता ब्रश. बोटात घालायचा सिलिकॉनचा ब्रश पण घेतला होता, एका दुसऱ्या कंपनीचा, तो छोट्या कुत्र्यासाठी घेऊ नका. बोट अधिक सिलिकॉन एवढी जाडी गालात शिरतच नाही, मागच्या दाढांपर्यंत पोचता येत नाही आणि किटण तर तिथेच सगळ्यात जास्त होतं, कारण वरच्या मोठ्या दाढेजवळ गालात लाळेची नळी उघडते. शिवाय ते बोथट दाणे हिरडीच्या कडेला जात नाहीत. सवय लावायला, हिरड्यांवरून हळूच फिरवायला ठीक, पण सफाई केसांच्या ब्रशनेच होते. पाण्यात टाकायचं एक लिक्विडही वापरून बघितलं, वास थोडा कमी झाला पण दातांवर काही फरक नाही. मला तर नुसता वास झाकणं धोक्याचंच वाटतं, कारण हिरडी आजारी पडली की पहिली बातमी वासच देतो.

घासायची पद्धत सोपी आहे. तोंड उघडायचं नाही, बंदच ठेवायचं, ओठ बोटाने वर उचलायचा आणि फक्त बाहेरची बाजू घासायची, आतली बाजू जीभ बऱ्यापैकी साफ ठेवते. ब्रश थोडा तिरका, केस हिरडी आणि दात जुळतात तिथे टेकवून छोटे छोटे गोल. सुरुवात मागच्या वरच्या दाढेपासून करा, म्हणजे कुत्रं कंटाळून उठलं तरी मुख्य काम झालेलं असतं. पहिले काही दिवस नुसती पेस्ट बोटावरून चाटू द्या, मग बोट हिरडीवर फिरवा, मग ब्रश, घाई केली तर ते कायमचं बिथरतं. सुरुवातीला ब्रशवर हलकं रक्त दिसू शकतं, सुजलेल्या हिरडीतून येतं ते, पण कुत्रं कळवळत असेल, दात हलत असेल किंवा एकाच बाजूने खात असेल तर ब्रश बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. छोट्या कुत्र्यांचा खालचा जबडा इतका बारीक असतो की दाताच्या मुळाशी हाड झिजलं तर साध्या उडीनेही तो मोडू शकतो, म्हणून मी एवढं कळकळीने लिहितेय.

डेंटल च्यू द्यायचे असतील तर पाकिटावर व्हीओएचसीचा (प्राण्यांच्या दातांची उत्पादनं तपासणारी व्हेटर्नरी ओरल हेल्थ कौन्सिल) शिक्का आहे का बघा आणि वजनाप्रमाणे साइज घ्या, छोट्या पोटाला त्यातल्या कॅलरीजही पटकन जास्त होतात. हाडं, शिंगं, खूर नकोत, नखाने दाबून खड्डा पडत नाही अशी वस्तू दाढ फोडते. आणि भूल न देता वरवर दात खरवडून देणाऱ्यांकडे नेऊ नका हो, दिसायला चकाचक होतात पण आजार हिरडीखाली असतो आणि तिथे जागं कुत्रं हात लावू देत नाही.

पिल्लू असेल तर दात बदलत असतानाच पेस्टची ओळख करून द्या, आणि सहा-सात महिन्यांचं झालं की एकदा सुळे बघा. छोट्या जातींत बरेचदा दुधाचा सुळा पडतच नाही, शेजारी नवा उगवतो आणि त्या जोडीच्या फटीत ब्रश जात नाही. तो दुधाचा सुळा काढावाच लागतो, बरेच डॉक्टर नसबंदीच्या वेळी त्याच भुलीत काढून देतात, आधी विचारून ठेवा.