सीएसएफ तपासणी चोख, टी-रेग पॅनल मात्र फुकटचा खर्च

जळगावातल्या या खासगी लॅबकडे भुसावळ, यावल, चोपड्याकडच्या बालरुग्णालयांतून मणक्यातल्या पाण्याची, म्हणजे सीएसएफची, सॅम्पलं येतात. रोजच्या तपासणीला पाचापैकी चार. सोबत विकतात त्या ‘रेग्युलेटरी टी-सेल (टी-रेग) पॅनल’ला मेंदूज्वराच्या पेशंटपुरता शून्य.

आधी चांगलं. ग्रॅम स्टेनचा, म्हणजे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याच्या तपासणीचा, निकाल सॅम्पल पोचल्यापासून तासाभरात फोनवर मिळतो, आणि नुसतं ‘पॉझिटिव्ह’ म्हणून फोन ठेवत नाहीत. जंतूंच्या जांभळ्या जोड्या दिसल्या (बहुधा न्यूमोकॉकस) की गुलाबी (मेनिंगोकॉकसचा संशय), हे स्पष्ट सांगतात. ग्लुकोजसाठी फ्लोराइडची ट्यूब मागतात आणि त्याच वेळची रक्तातली साखरही. तिच्याशी सीएसएफचं गुणोत्तर ०.४ च्या खाली असेल तर जिवाणूंचा संशय बळावतो; एकट्या आकड्यावरून काही ठरत नाही.

घोळ पिकअपमध्ये आहे. मुलगा सगळ्या ट्यूबा बर्फाच्या एकाच थर्माकोल डब्यात कोंबतो. कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची, ट्यूब थंड झाली की मेनिंगोकॉकससारखे नाजूक जंतू मरतात आणि रिपोर्ट येतो ‘नो ग्रोथ’. उलट मे महिन्यात पारा ४५ वर असताना डबाच नसेल तर गाडीच्या डॅशबोर्डवर सॅम्पल शिजतं. कल्चरची ट्यूब बिनबर्फाच्या वेगळ्या डब्यात, सावलीत द्यावी. चोपड्याहून येणाऱ्या सॅम्पलला उशीर होणार असेल तर थोडं पाणी वॉर्डातच ब्लड कल्चरच्या बाटलीत घालावं, पण ग्रॅम स्टेनपुरतं साध्या ट्यूबमध्ये राखून.

पेशींची मोजणीही वेळेची गुलाम. बाहेर ठेवलेल्या सीएसएफमधले न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दोन तासांत निम्म्यावर येऊ शकतात. तरी रिपोर्टवर सॅम्पल काढल्याची वेळ नसते. सुई टोचताना रक्त मिसळलं असेल तर तांबड्या पेशींचा आकडा लागतो. तोही मागितल्याशिवाय छापत नाहीत. एक गुण गेला तो इथे.

आता पॅनल. रेग्युलेटरी टी-पेशी म्हणजे रोगप्रतिकाराचा ब्रेक. मेंदूच्या आवरणात जिवाणू शिरले की न्यूट्रोफिलचा लोंढा येतो. ते जिवाणू मारतात, पण त्यांच्यातून सुटणारी विकरं आणि टीएनएफसारखी रसायनं मेंदूला सूज आणतात, आतल्या कानालाही इजा करतात. टी-रेग पेशी आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा ही शमवणारी रसायनं सोडून हा जाळ आवरतात. ब्रेक लवकर लागला तर जिवाणूंचं फावतं, उशिरा लागला तर मेंदूचं नुकसान. विषय मोठा आहे, २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल याच पेशींवरच्या कामाला मिळालं.

पण पेशंटच्या उपचारात या आकड्याने काहीही बदलत नाही. पॅनल रक्तावर होतं, लढाई मेंदूच्या आवरणात चाललेली असते. सीएसएफवर करावं तर तिथे न्यूट्रोफिलचाच भरणा, टी-रेग मोजायला मूठभरही हाती लागत नाहीत. माणसात खवळलेल्या साध्या टी-पेशीही काही काळ सीडी-२५ आणि फॉक्सपी-३ या टी-रेग ओळखायच्या खुणा दाखवतात, म्हणून सीडी-१२७ ही तिसरी खूण कमी असल्याची खातरजमा लागते. या पॅनलच्या यादीत ती खूणच नाही. शिवाय डेक्सामेथासोन हे सूज आवरणारं स्टेरॉइड सुरू असेल तर लिम्फोसाइटचे (टी-पेशी ज्यात मोडतात त्या पांढऱ्या पेशींचे) आकडे आधीच हललेले असतात. बाहेरून लावायचा ब्रेक म्हणजे हे डेक्सामेथासोनच: ०.१५ मिग्रॅ प्रति किलो, दर सहा तासांनी, अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी किंवा सोबत. कुठल्याही रिपोर्टसाठी अँटिबायोटिक थांबवायचं नसतं, या रिपोर्टसाठी तर नाहीच.

तान्ह्या मुलाला न थांबणारे जुलाब, मधुमेह आणि एक्झिमा एकत्र असतील तर टी-रेगची तपासणी कामाची, तीही सीडी-१२७ सकट. एरवी फॉर्मवर पॅनलच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण छापलेली असते. ती खोडून शेजारी सही करावी, नाहीतर बिलात लागते.